मोत्या चुकतो की बेत चुकतो?

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण खरी माणसाच्या खोडीबद्दल. पण कुत्रा पाळणारे पुष्कळ लोक ती कुत्र्यालाच लावतात. कुत्रा पाहुण्याच्या अंगावर उड्या मारतो. दोन दिवस ओरडून बघतात. तिसऱ्या दिवशी काठी उचलतात. चौथ्या दिवशी म्हणतात, "जाऊ द्या हो, जातच तसली आहे त्याची."

शेपूट जन्मापासून वाकडे असते. त्याला इलाज नाही. सवयीचे तसे नाही. सवय मागून लागते. लागलेली सवय मोडता येते आणि नवी लावताही येते.

कुत्र्याला एक नवे काम कसे शिकवावे, ते या पाठात आम्ही सांगणार आहोत. पण तेवढ्यावर थांबणार नाही. शिकवता शिकवता मध्येच अडते, तेव्हा काय करावे, हेही सांगणार आहोत. अडते सगळ्यांचेच. अडले की कोणी काठी घेतो, कोणी नाद सोडतो. या दोहोंखेरीज तिसरा रस्ता आहे. तो म्हणजे आपला बेत बदलणे.

हे काम शिकवायचे कशाला?

समजा, तुमच्या कुत्र्याचे नाव मोत्या आहे. रात्री तो घराची राखण करतो. गोठ्याजवळ जरा खुट्ट झाले की भुंकतो. कामाचा कुत्रा आहे. पण दिवसा दारात कोणी आले की तो धावून जातो. पोस्टमन लांबूनच हाक मारतो. आशाताई औषध घेऊन येतात, त्या कुंपणाबाहेर उभ्या राहतात. शाळेची पोरे त्याला बघून पळत सुटतात. पळणाऱ्याच्या मागे कुत्रा धावतोच. पोर ठेचकाळते, गुडघे फोडून घेते.

आज मोत्याने नुसती उडी मारली. उद्या दात लागला तर? मग गाव चिडते. कोणी धोंडा घालतो, कोणी भाकरीत विष कालवून टाकतो. जनावराचे असे हाल करणे १९६० सालच्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा मागून येतो, मोत्या आधीच गेलेला असतो.

मोत्याला दिवसभर साखळीला बांधून ठेवावे, तर तो चिडका होण्याची भीती. म्हणून त्याला एक काम शिकवू या. दारात माणूस आले आणि आपण "जागेवर" म्हटले, की मोत्याने ओसरीच्या कोपऱ्यात घातलेल्या पोत्यावर जाऊन बसायचे. आपण "ये" म्हणेपर्यंत उठायचे नाही. एवढेच काम. पण एवढ्याने पोस्टमन दारापर्यंत येईल, पोरे सुखाने रस्त्याने जातील, आणि मोत्याही सुखात राहील.

आधीची तयारी

पहिली गोष्ट लस. पिल्लू तीन महिन्यांचे झाले, की जनावरांच्या दवाखान्यात नेऊन त्याला पिसाळ रोगाची लस टोचून घ्या. पुढच्या लसी डॉक्टर सांगतील तेव्हा चुकवू नका. कुत्रा मोठा असेल आणि लस टोचली नसेल, तर आधी ते काम करा. शिकवणे त्यानंतर.

दुसरी गोष्ट खाऊ. हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करा. भाकरी चालेल. उकडलेले अंडे, मटणाचा तुकडा मिळाला तर फारच चांगले. कांदा, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट देऊ नका. ती कुत्र्याला बाधतात.

तिसरी गोष्ट पोते. ते एकच असावे आणि एकाच जागी असावे. जागा सावलीची हवी. तिथून दार दिसावे, पण येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय शेपटीवर पडू नये.

चौथी गोष्ट वेळ. मोत्याचे पोट गच्च भरलेले असेल, तर तुकड्यासाठी तो कशाला कष्ट घेईल? जेवणाच्या जरा आधीची वेळ धरा. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर शिकवा.

कामाच्या पायऱ्या

विहिरीत उतरताना आपण एकदम तळाशी उडी घेत नाही. एकेक पायरी उतरतो. मोत्याच्या कामाच्याही पायऱ्या करू या.

१. मोत्या पोत्याजवळ गेला.
२. त्याने एक पाय पोत्यावर ठेवला.
३. चारही पाय पोत्यावर ठेवले.
४. पोत्यावर बसला.
५. "जागेवर" म्हटल्यावर जवळच असलेल्या पोत्यावर जाऊन बसला.
६. लांबून सांगितले तरी गेला. आधी दोन पावलांवरून, मग पाच, मग ओसरीच्या दुसऱ्या टोकावरून.
७. बसून राहिला. आधी पाच आकडे मोजेपर्यंत, मग दहा, मग तीस.
८. घरातलेच माणूस बाहेर जाऊन दारातून आत आले, तरी बसून राहिला.
९. शेजारी आला तरी बसून राहिला.
१०. अनोळखी माणूस पिशवी घेऊन आला तरी बसून राहिला.

प्रत्येक पायरीवर काम बरोबर झाले, की त्याच क्षणी "शाब्बास" म्हणायचे आणि लगेच तुकडा द्यायचा. उशीर नको. मोत्या बसला, तुम्ही आत जाऊन फडताळातून तुकडा आणला, तोवर तो उठून अंग खाजवू लागला, आणि मग तुम्ही तुकडा दिला. मोत्याला काय वाटेल? खाजवल्याबद्दल बक्षीस मिळाले असे वाटेल! म्हणून तुकडे आधीच हाताशी ठेवा.

"शाब्बास" या शब्दाचा काय उपयोग? रशियात इव्हान पाव्हलॉव्ह नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी कुत्र्यांवर पुष्कळ प्रयोग केले. खाणे देण्याआधी एक ठरावीक आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला. पुढे पुढे नुसता आवाज आला, तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटू लागले. आपला "शाब्बास" तसाच आहे. आधी पाच-दहा वेळा नुसते "शाब्बास" म्हणा आणि तुकडा द्या. मग मोत्या लांब असला, तरी शब्द ऐकताच त्याला कळेल की आपले बरोबर झाले.

नऊ आणि दहा या पायऱ्यांच्या वेळी मोत्याच्या गळ्यात दोरी असू द्या आणि ती मोठ्या माणसाच्या हातात असू द्या. पाहुण्याला धोक्यात घालून कुत्रा शिकवायचा नाही. आणि जो कुत्रा आधी कोणाला चावलेला आहे, त्याला माणसांपुढे नेण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.

ही रीत आपल्या ओळखीचीच आहे

नवा खोंड आपण पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपत नाही. आधी मानेवर जू ठेवून बघतो. मग शेजारी शिकलेला बैल देतो. मग हलका ओंडका ओढायला लावतो. खोंड बुजला, तर ओझे उतरवतो. भरल्या गाडीलाच जुंपून चाबूक मारला, तर तो खोंड जन्मभर जू बघून बुजेल, हे आपल्याला ठाऊक असते.

तुम्ही वाचायला शिकलात तेही असेच. आधी अक्षरे झाली, मग काना-मात्रा, मग जोडाक्षरे. जोडाक्षरापाशी गाडी अडली, तेव्हा शिकवणाऱ्याने काय केले? जोडाक्षर फोडून दोन साधी अक्षरे दाखवली. म्हणजे एक पायरी मागे नेले. मागे गेल्याने तुमचे नुकसान झाले नाही. आज तुम्ही हा पाठ वाचत आहात.

पाच चिंचोक्यांचा हिशोब

पण पुढे कधी जायचे आणि मागे कधी यायचे, हे कसे कळणार? त्यासाठी पाच चिंचोके घ्या. एका पायरीची पाच वेळा परीक्षा करा. काम बरोबर झाले की एक चिंचोका उजवीकडे ठेवा. चुकले की डावीकडे.

पाचही उजवीकडे आले, तर पुढची पायरी घ्या.
तीन किंवा चार उजवीकडे आले, तर त्याच पायरीवर थांबा.
दोन किंवा कमी आले, तर एक पायरी मागे या.

हा हिशोब फार उपयोगाचा आहे. त्याने आपला राग मधे येत नाही. "याला काही समजत नाही" असे म्हणायला जागाच उरत नाही. चिंचोके सांगतात, पायरी उंच झाली. मग आपण पायरी कमी करायची.

आता तुम्हाला लिहिता येते. तर एक वही घाला. रोजचे चार शब्द त्यात लिहा. असे:

सोमवार. पायरी ३. पाचपैकी ५. पुढे जाणे.
बुधवार. पायरी ४. पाचपैकी १. मागे येणे.
शुक्रवार. पायरी ३. पाचपैकी ५. पुढे जाणे.
रविवार. पायरी ४, पण मागचे पाय थोडे वाकवले तरी तुकडा दिला. पाचपैकी ४. तिथेच थांबणे.

वहीवर नजर टाका. बुधवारी गाडी अडली. रविवारी मालकाने तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मधे एक नवी अर्धी पायरी घातली. बेत असा बदलायचा असतो. काम तेच ठेवायचे, वाट सोपी करायची.

कुठे कुठे अडते?

*तुकडा उंच धरला.* मोत्या पोत्यावर उभा राहतो, पण बसत नाही. अशा वेळी तुकडा त्याच्या नाकापाशी धरा आणि हळूच डोक्यावरून मागे न्या. त्याचे डोके वर होते आणि मागचा भाग आपोआप खाली टेकतो. पण तुकडा फार उंच धरला, तर तो उडी मारतो. मग आपण रागावतो, "बस म्हटलं तर उडी मारतो!" त्यात त्याची चूक नाही. आपला हात वीतभर खाली यायला हवा.

*दोन गोष्टी एकदम बदलल्या.* मोत्या पाच पावलांवरून पोत्यावर जातो आणि दहा आकडे बसतो. दुसऱ्या दिवशी आपण त्याला अंगणातून सांगितले, आणि वर तीस आकडे बसवले. तो उठला. आता तो अंतराने चुकला की वेळेने, हे कसे कळणार? आमटीत मीठ आणि तिखट दोन्ही एकदम वाढवले, तर ती कशाने बिघडली हे कळत नाही, तसेच हे. एका वेळी एकच गोष्ट बदला. अंतर वाढवले, तर वेळ कमी करा. नवा माणूस दारात आला, तर अंतरही कमी करा आणि वेळही कमी करा. ते पक्के झाले, की हळूहळू दोन्ही वाढवा.

*जागा बदलली.* ओसरीवर उत्तम बसणारा मोत्या मळ्यातल्या खोपीपाशी गेला, की सगळे विसरल्यासारखे करतो. तो नाटक करीत नाही. त्याने "जागेवर" हा शब्द ओसरीसकट शिकलेला असतो. तोच कोपरा, तीच भिंत, तेच पोते. मळ्यात वास वेगळे, आवाज वेगळे. म्हणून नव्या जागी तेच पोते घेऊन जा आणि पहिल्या पायरीपासून सुरुवात करा. घरी दोन आठवडे लागले असतील, तर इथे बहुधा त्याहून कमी दिवसांत होईल.

*घरातले शब्द जुळले नाहीत.* ही अडचण सर्वांत जास्त घरांत आढळते. समजा, एका घरात असे बोलणे झाले:

"मामंजी, मी मोत्याला 'जागेवर' म्हणते. तुम्ही 'हाड' म्हणता. आणि बंड्या म्हणतो, 'बस तिकडं.' त्यानं ऐकायचं तरी कुणाचं?"

"सूनबाई, अगं 'हाड' म्हटलं की तो जातो की!"

"जातो, पण मळ्यात जातो. पोत्यावर नाही जात."

"हे मात्र खरं बोललीस. बंड्या, आजपासून सगळ्यांनी एकच शब्द म्हणायचा. 'जागेवर.' खडूनं भिंतीवर लिही बघू, म्हणजे मीही विसरायचा नाही."

असा शब्द भिंतीवर लिहिला, की घरातल्यांनाही तो वाचायचा सराव होतो. आणि शब्द एकदाच म्हणा. "जागेवर, जागेवर, अरे जागेवर" असे दहा वेळा म्हटले, तर दहाव्या हाकेला हलायचे असते, असे मोत्या शिकेल.

*चुकीच्या कामाला बक्षीस मिळाले.* पाहुण्याने हसत हसत, "काय रे मोत्या!" म्हणून उड्या मारणाऱ्या कुत्र्याला कुरवाळले, की मोत्याला उडीचे बक्षीस मिळाले. पाहुण्याला आधीच सांगा, "दादा, तो बसेपर्यंत त्याच्याकडे बघू नका. बसला की मग बोला."

*बक्षीस हलके पडले.* रोजच्या सरावाला भाकरीचा तुकडा पुरतो. पण अनोळखी माणूस दारात येणे ही मोत्याला फार मोठी गोष्ट. तिच्यापुढे भाकरी फिकी पडते. त्या पायरीसाठी अंड्याचा किंवा मटणाचा तुकडा राखून ठेवा. जड कामाला मजुरीही जास्त द्यावी लागते. काम अगदी पक्के झाले, की मग तुकडा दर वेळी नको. कधी तुकडा, कधी नुसते "शाब्बास" आणि पाठीवर हात. पण बक्षीस अजिबात बंद करू नका.

*सराव फार झाला.* काहींना वाटते, सकाळ-संध्याकाळ तासभर घोकून घेतले की लवकर येईल. डेन्मार्क देशात कोपनहेगन येथील संशोधकांनी ४४ बीगल कुत्र्यांना टोपलीकडे जाऊन तिथेच थांबायला शिकवले. म्हणजे जवळजवळ आपल्या मोत्याचेच काम! काही कुत्र्यांना रोज शिकवले, काहींना आठवड्यातून एक-दोनदाच. काहींची एका वेळी एक पाळी घेतली, काहींच्या लागोपाठ तीन. २०११ साली त्यांनी निकाल छापला. तेवढ्याच पाळ्यांत आठवड्यातून एक-दोनदा शिकणारे कुत्रे रोजच्यांपेक्षा जास्त शिकले. एका वेळी एकच पाळी घेतलेले कुत्रे तीन पाळ्या घेतलेल्यांपेक्षा पुढे गेले. आणि चार आठवड्यांनी बघितले, तेव्हा सगळ्याच कुत्र्यांना काम आठवत होते. म्हणून आमचे सांगणे असे, की एक दिवसाआड पाच-सात मिनिटे पुरेत. मोत्या जांभया देऊ लागला, इकडे तिकडे बघू लागला, तर एखादी सोपी पायरी करून घ्या, शाब्बासकी द्या आणि थांबा. जांभई नेहमी झोपेचीच असते असे नाही. गोंधळलेला कुत्राही जांभई देतो.

जनावराचा स्वभाव ओळखा

अमेरिकेत केलर ब्रेलँड आणि मॅरियन ब्रेलँड हे नवरा-बायको जनावरांना निरनिराळी कामे शिकवत. खाऊ द्यायचा आणि शिकवायचे, हीच त्यांची रीत. त्यांनी डुकरांना लाकडी नाणे तोंडात धरून पेटीत टाकायला शिकवले. डुकरे काम झटपट शिकली. पण काही आठवड्यांनी ती नाणे वाटेतच टाकू लागली आणि मुस्कटाने उकरू लागली. भूक लागलेली असतानाही ती उकरतच राहिली. का? खाण्याची गोष्ट म्हटली की उकरायचे, हा डुकराचा मूळ स्वभाव. शिकवलेल्या कामावर स्वभावाने मात केली. ही हकीकत त्या दोघांनी १९६१ साली आपल्या हाताने लिहून प्रसिद्ध केली.

यातून आपण काय घ्यावे? बेत आखताना समोरच्या जनावराचा स्वभाव बघावा. मुधोळ जातीचा कुत्रा पळत्या सावजामागे धावण्यात पटाईत. त्याला पळणारी पोरे दिसत असताना बसवून ठेवणे जड जाणार. त्याचे पोते अशा ठिकाणी ठेवा, की रस्ता दिसणार नाही. धनगराच्या कळपावरचा कुत्रा परक्या माणसावर भुंकणारच, तेच त्याचे काम. त्याचे भुंकणे अजिबात बंद करायला जाऊ नका. दोन-चार वेळा भुंकला, मग "जागेवर" म्हटले, की पोत्यावर गेला, एवढे पुष्कळ झाले. पिल्लाला तीस आकडे बसवत नाही, त्याला दहा पुरेत. म्हातारा कुत्रा ऐकू कमी येते म्हणून वळत नसेल, तर त्याला हाताची खूण शिकवा.

काठी का नको?

काही लोक विचारतील, "आमचे वडील काठीनेच कुत्री सरळ करायचे, त्याचं काय?" काठीने कुत्रा थांबतो, हे खरे. पण तो काय शिकतो? पोत्यावर बसल्याने चांगले होते, हे तो शिकत नाही. पाहुणा आला की आपल्याला मार बसतो, हे शिकतो. मग पाहुण्याचाच त्याला राग येऊ लागतो. भुंकल्याबद्दल मारले, तर तो भुंकणे सोडून देतो आणि न भुंकता एकदम चावा घेतो. असा कुत्रा जास्त धोक्याचा.

पोर्तुगाल देशात ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास झाला. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. काही कुत्रे खाऊ देऊन शिकवणाऱ्या शाळांतले होते, काही ओरडून आणि हिसके देऊन शिकवणाऱ्या शाळांतले. दुसऱ्या गटातले कुत्रे शिकताना जास्त दडपलेले दिसले. धाकाचा मारा जिथे सर्वांत जास्त होता, तिथले कुत्रे तर शाळेबाहेरही नव्या गोष्टीतून वाईटाचीच अपेक्षा करीत. धाकात वाढलेल्या माणसाची गोष्टही यापेक्षा वेगळी नसते.

हा दोष शिकवण्याचा नव्हे

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. चांगला शिकलेला मोत्या एकाएकी बसेनासा झाला, तर आधी त्याचे अंग बघा. पायात काटा असेल. कान दुखत असेल. गोचिडांनी बेजार असेल. कुत्री माजावर आली असेल. तिथे बेत बदलून उपयोग नाही, दुखण्याचा इलाज हवा.

आणि शांत कुत्रा अचानक चिडका झाला, दिसेल त्याला चावू लागला, तोंडातून लाळ गळू लागली, गिळता येईना, आवाज बदलला, पाय लटपटू लागले, तर त्याच्याजवळ जाऊ नका. शिकवायला तर मुळीच जाऊ नका. पोरांना दूर ठेवा आणि जनावरांच्या डॉक्टरांना कळवा. तो पिसाळ रोग असू शकतो. चावा बसला, ओरखडा उठला किंवा जखमेला लाळ लागली, तर ती जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट लावत बसू नका. तडक दवाखान्यात जा आणि डॉक्टर सांगतील तितकी सगळी इंजेक्शने घ्या. मधे बंद करू नका. या रोगाची लक्षणे माणसात दिसू लागली, की मग तो बहुधा वाचत नाही. वेळेवर लस घेतली, तर वाचतो.

कामाला लागू या

आता तुमच्या ओसरीच्या कोपऱ्यात एक पोते घाला. वहीत दहा पायऱ्या उतरवून घ्या. पाच चिंचोके खिशात टाका. पहिल्या दिवशी पहिलीच पायरी. मोत्या पोत्याकडे गेला की "शाब्बास." बस्स, एवढेच.

आठ-पंधरा दिवसांनी कुठेतरी अडेल. अडेल तेव्हा मोत्याला शिव्या देऊ नका. वही उघडा. शेवटचे पाच चिंचोके कुठल्या पायरीला उजवीकडे पडले होते, ते बघा. त्या पायरीवर परत या आणि तिथून पुढची पायरी अर्धी करा. आज जो पोस्टमन लांबून हाक मारतो, तो एक दिवस दारात येऊन पत्र हातात देईल, आणि ते पत्र तुम्ही स्वतः वाचाल.

वाचून झाल्यावर बोला

१. मोत्याला पाचपैकी दोनच वेळा जमले. आता काय कराल?
२. ओसरीवर बसणारा कुत्रा मळ्यात का बसत नाही?
३. तुमच्या घरात कुत्र्याला कोण काय शब्द म्हणतो? सगळ्यांचा मिळून एक शब्द ठरवा आणि वहीत लिहा.
४. कुत्रा चावला, तर सर्वांत आधी काय कराल?